हजाराला किती

अम्मा विचारते, हजाराला किती देतात?
तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
कात्री पानातून चाललेली, न बघता.
मी मनात हिशेब करते.
बाराशे शब्द पाठवले, आठशे छापले,
पैसे छापलेल्यांचेच, तेही साठ दिवसांनी.
म्हणजे तुझ्याकडंपण छाट धरतात, ती म्हणते,
आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा
माझं काम तिला पुरतं कळतं.

कारखान्यातला चेकर मूठभर विड्या उचलतो,
दोन मोडतो, उरलेल्या बाजूला ढकलतो.
माझा चेकर मी कधी पाहिलेला नाही.
त्याचा मेल येतो : सुंदर लिहिलंयस,
पण या आठवड्यात त्या देशाला जागा नाही.

जे छाटलं त्यात हलीमा होती.
चार दिवस चालत सीमेपर्यंत आलेली,
डोक्यावर शिलाई मशीन.
मशीनला सुई नव्हती.
विचारलं तर म्हणाली,
सुई काय, कुठंही मिळेल.

गल्लीत सकाळपासून माग धडधडतात.
त्या आवाजात मला गाढ झोप लागते.
लाईट गेली की सगळे एकदम थांबतात,
माणसं ओट्यावर येतात, कुणीतरी हसतं,
कुणी मला हाक मारतं, कुठं गेलतीस बे इतके दिस?
मी तेव्हा कॉटखाली बूट शोधत असते.
तिकडे असं शांत झालं
की आम्ही आधी बूट घालायचो.

नायना आता जकार्डवर जात नाही.
बावीस वर्षं त्यानं पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
चादरीवरचा मोर आधी भोकांत असतो
हे मला तिसरीत असताना कळलं होतं.
आता मोर कॉम्प्युटरवर होतो
आणि नायना एका एटीएमबाहेर रात्रपाळी करतो.
काल मी फोटो निवडत होते,
तो मागे येऊन उभा राहिला.
शाळेची भिंत. भिंतभर गोळ्यांची भोकं.
त्यानं चष्मा लावला
आणि स्क्रीनवर बोट ठेवून वाचायला लागला,
डावीकडून, ओळीनं,
ओठांत मोजत, ओकटी, रेंडू, मूडू.
मध्येच बोट थांबलं.
मागे गेला, परत मोजलं.
इथं चार भोकं कमी आहेत, म्हणाला.
इथं कुणीतरी उभं असणार.

मी त्या भिंतीसमोर अकरा दिवस काढले होते.
भाड्याचं हेल्मेट, उसनं जाकीट,
विम्याच्या रकान्यात एक तिरकी रेघ.
उजेड चांगला होता म्हणून फोटो काढला होता.

दोन महिन्यांनी हलीमाचं मशीन
मला दुसऱ्याच कुणाच्या बातमीत दिसलं.
तिथं त्याला सुई होती.
अम्माला सांगितलं तर दोरा गुंडाळत म्हणाली,
छाटलेल्या विड्या मालक फेकतो असं वाटलं का तुला?

इद्रीसचे पैसे अजून द्यायचेत.
माझ्यासाठी पाच भाषा बोलला तो,
तीन नाक्यांवर माझा भाऊ झाला,
बातमीत मात्र नुसता ‘एक स्थानिक’.
त्याच्या नंबरावर मंगळवारपासून
एकच टिक आहे.

अम्मानं भिशीतले काढून दिले.
पाठव त्याला, म्हणाली. कुणाचा रोज ठेवू नये.
पोचतील का, हे तिनं विचारलं नाही,
मीही नाही.

पैसे पाठवायच्या दुकानातला पोरगा फॉर्म भरतोय.
नाव? इद्रीस.
आडनाव? तिकडे बापाचं नाव लावतात.
बापाचं? माहीत नाही.
पत्ता?
छावणी, पाण्याच्या टाकीमागे, निळी ताडपत्री.
मॅडम, पिनकोड टाकल्याशिवाय पुढं जात नाही.
मागे रांग वाढलेली.
मी आमच्या गल्लीचा सांगते.